आधी आभाळ, मग आरक्षण

जून उजाडला की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या होमस्टेवाल्यांचे फोन वाजायला लागतात. मुंबई-पुण्याहून विचारणा एकच असते: "तिकडे पाऊस कसा आहे?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देण्याआधी विचारावं लागतं, तिकडे म्हणजे नेमकं कुठे? सातारा जिल्हाच घ्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो दोन हजारांच्या खाली येतो. पसरणी घाट उतरून वाईत यावं तर सातशे-आठशे. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, पाचशे मिलिमीटर झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी एक गाव धुक्यात बुडून धो धो पाऊस झेलत असतं आणि दुसरं पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असतं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर फिरायला निघणाऱ्यांना हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. आज ते सांगितलं जात नाही. पर्यटनाच्या जाहिरातीत धबधब्याचा फोटो असतो, खोलीचं भाडं असतं, नाश्त्याला काय मिळेल तेही असतं. त्या तारखांना तिथे समुद्र कसा असेल, घाट चालू असेल का, होडी सुटेल का, दुपारी बाहेर पडता येईल का, याचा पत्ता नसतो. मग दुर्घटना घडते, जिल्हा प्रशासन बंदीचा आदेश काढतं, गर्दी दुसऱ्या घाटाकडे वळते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पाहुण्याला आपल्या मुलखाचं हवामान आधी सांगणं हा पाहुणचाराचाच भाग आहे. महाराष्ट्राच्या पर्यटनाने तो मनावर घेतलेला नाही.

या मुलखाची घडणच अशी आहे. अरबी समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये कोकणची चिंचोळी पट्टी. नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पाचे वारे हजार-बाराशे मीटर उंचीच्या कड्यांना धडकतात, वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून किनाऱ्यापेक्षा कड्याच्या पायथ्याशी पाऊस जास्त, पायथ्यापेक्षा माथ्यावर आणखी जास्त, आणि माथा ओलांडला की दहा-वीस किलोमीटरांत तो झपाट्याने ओसरतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो; पुणे शहरात साडेसातशेच्या आसपास. २५ जुलै २०२४च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याला वर्षभरात जेवढा मिळतो त्याचा जवळजवळ पाऊण हिस्सा, एका दिवसात, पुण्याहून दीड-दोन तासांच्या अंतरावर. कोथरूड सोडताना रिमझिम होती म्हणून ताम्हिणीतही रिमझिमच असेल, हा हिशोब जिवावर बेततो.

अंतर याहून कमी असलं तरी भरवसा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच किनारा.

पावसाच्या तारखेचीही तीच गत. मोसमी पावसाची मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. पण २०२३ साली तो २५ जूनला आला आणि २०२५ साली २६ मे रोजीच येऊन दाखल झाला. दोन वर्षांच्या अंतराने तब्बल महिन्याचा फरक. मे महिन्याची शेवटची सुट्टी समुद्रावर घालवायची म्हणून ज्यांनी फेब्रुवारीतच पैसे भरले होते, त्यांच्या वाट्याला २०२५ साली मळभ, खवळलेला समुद्र आणि बंद पडलेल्या होड्या आल्या. आंबा बागायतदारांचे हाल तर विचारूच नयेत. शेवटच्या तोडणीचा आंबा झाडावरच भिजला.

कोकणातला माणूस कॅलेंडरच्या महिन्यापेक्षा नक्षत्रावर जास्त बोलतो, त्याला कारण आहे. रोहिणी लागली की आगोट आली. घर शाकारायचं, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी, मसाले, कडधान्यं भरून ठेवायची, होड्या वर ओढायच्या. सात-आठ जूनला मृग, मग आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. जुलैचा सगळा महिना या दोघांचा. ऑगस्टमध्ये आश्लेषा-मघांना ऊनपावसाचा खेळ सुरू होतो, आणि सप्टेंबरअखेरीला हस्त म्हणजे हत्तीचा पाऊस गडगडाटासह निरोपाला येतो. ही काही हवामानशास्त्राची भाकितं नव्हेत आणि अलीकडे ती चुकतातही. पण पावसाळा म्हणजे चार महिन्यांचा एकसारखा तुकडा नाही, त्याला वयं आहेत, स्वभाव आहेत, हे त्यांतून कळतं. प्रवाशाला नेमकं हेच माहीत असायला हवं.

म्हणजे असं, की जूनचा पहिला पंधरवडा हा धबधब्यांचा काळच नव्हे. कातळ तापलेला असतो, जमीन पाणी पिऊन घेते, ओढे अजून भरायचे असतात. ज्याला धबधबे हवेत त्याने जुलैच्या मध्यापर्यंत धीर धरावा. पण त्याच पहिल्या पंधरवड्यात जे दिसतं ते नंतर दिसत नाही. मेअखेरपासून पहिला दमदार पाऊस होईपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीच्या रानात काजवे झाडंच्या झाडं उजळून टाकतात. पाऊस लागून राहिला की आठवड्याभरात तो सोहळा आटोपतो. आंबोलीच्या कातळसड्यावर पहिल्या पावसाबरोबर बेडकांचे आवाज सुरू होतात. तिथला वाघासारखे पट्टे असलेला छोटा भेक शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजाती म्हणून २००९ साली नोंदवला, आणि तो बाहेर पडतो तोही पहिल्या पावसाच्या या मोजक्याच दिवसांत. शेतात चढणीचे मासे धरायला पोरं उतरतात, घरात टाकळा, फोडशी, शेवळं शिजतात. हे सगळं बघायचं तर जून गाठावा, पण "धबधबे कुठायत?" म्हणत यजमानाशी वाद घालू नये.

जुलै हा खरा कसोटीचा महिना. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल चढते, महाबळेश्वरात दहा पावलांपुढचं दिसत नाही. तिथली कितीतरी दुकानं आणि हॉटेलं पावसाळाभर झडपा लावून बसतात. पॉइंटवरून दरी बघायला म्हणून जो जुलैत महाबळेश्वरला जातो, तो पांढरं धुकं बघून परततो. धुक्याचीच ओढ असेल तर मात्र याहून मोठं सुख नाही. गाडीभाडं आणि खोलीभाडं भरण्याआधी या दोहोंपैकी आपल्याला काय हवंय, ते स्वतःला विचारलेलं बरं.

समुद्रकिनारी तर जुलैत समुद्र फक्त बघायचा असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद. तो मासळीच्या विणीचा हंगाम आहे आणि समुद्रही कुणाला आत घेण्याच्या मनःस्थितीत नसतो. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा थांबतात, सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या थांबतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढलेला असतो. मालवणात जाऊन "किल्ल्यात का नेत नाही?" असा हट्ट धरणारे दर पावसाळ्यात भेटतात. त्यांचंही पूर्ण चुकत नाही. बुकिंग घेताना त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ताजी सुरमई मिळेल असंही त्यांना वाटलेलं असतं. प्रामाणिक खानावळवाला त्या दिवसांत खाडीची मासळी, तिसऱ्या नाहीतर सोडे वाढतो आणि तेच उत्तम असतात.

धबधब्यापाशी नेमकं काय होतं ते जवळून बघायला हवं. ताम्हिणी, देवकुंड, लोणावळा, कुठलाही ओढा घ्या. पाणी घोट्याएवढं, नितळ. वर आभाळात निळी फट. पोरं दगडावर बसलेली, कुणी फोटो काढतंय. पण हे पाणी जिथून येतं तो माथा पाच-सात किलोमीटर मागे आणि तीन-चारशे मीटर वर आहे. तिथे अर्ध्या तासापूर्वी ढग रिकामा झालेला असतो. खाली पहिली खूण येते ती पाण्याच्या रंगाची: नितळ पाणी गढूळ होतं. मग पाण्यावरून वाळकी पानं, काटक्या, शेवाळाचे पुंजके वाहत येऊ लागतात. आवाज बदलतो, खळखळ जाऊन खालून घरघर ऐकू येते. तिथून पुढे हाताशी मोजकी मिनिटं असतात. गावातला गुराखी पाण्याचा रंग बदलला की म्हशी काठावर घेतो, कारण त्याने हे लहानपणापासून बघितलंय. शहरातून आलेल्याला ते ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसणं हा काही गुन्हा नव्हे.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध अडकलं. एकमेकांना धरून उभे असलेले ते लोक आणि पुढच्याच क्षणी रिकामा प्रवाह, हे चित्रीकरण राज्यभर पाहिलं गेलं. पाच जण गेले, त्यांत लहान मुलं होती. त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधबे, धरणं, गडकिल्ले यांच्या परिसरात जमावबंदीचे आदेश निघाले. तेव्हापासून दर पावसाळ्यात असे आदेश ठरलेले झाले आहेत.

या आदेशांमागची कळकळ खोटी नाही. पण सरसकट बंदी हे हवामानाचं उत्तर होऊ शकत नाही, कारण हवामान सरसकट नसतं. महिनाभर बंदी घातली तर त्या महिन्यातले कोरडे, सुरक्षित पंधरा दिवसही त्यात जातात. ज्या गावांची वर्षाची कमाई या आठ शनिवार-रविवारांवर असते, तिथल्या भजी-चहाच्या टपऱ्या, घरगुती जेवण देणाऱ्या बायका, वाट दाखवणारी पोरं, सगळ्यांचा हंगाम बुडतो. आणि बंदीमुळे माणसं थांबतात असंही नाही. ती पोलीस नसलेल्या, अनोळखी, अधिक धोक्याच्या ओढ्याकडे जातात. उलट, बंदी नसलेल्या दिवशी सगळं सुरक्षितच आहे असा समज पसरतो, तो आणखी घातक.

हवामान खात्याकडे याहून बरंच बारीक काम होतं. घाटमाथ्याचा इशारा आता शहराहून वेगळा दिला जातो: पुणे जिल्ह्याला यलो आणि पुणे घाटमाथ्याला रेड, असं एकाच दिवशी असू शकतं. सातारा, कोल्हापूर, नाशिकच्या घाटांनाही असेच स्वतंत्र इशारे असतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६च्या वर अतिमुसळधार, २०४.४च्या वर त्याहूनही भयंकर, ही खात्याची मोजपट्टी आहे. शिवाय पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज दिवसभर येत राहतो. विजांसाठी 'दामिनी' ॲप आहे. अडचण एवढीच, की हे सगळं पर्यटकाला स्वतः शोधून काढावं लागतं, आणि बहुतेक जण आपल्या फोनवर दिसणारं ढगाचं चित्र बघून निघतात. ते चित्र बहुधा जवळच्या शहराचं असतं. घाटाचं नव्हे.

बरं, हा इशारा हॉटेलवाल्याच्या हाती पडला तरी तो पाहुण्याला "येऊ नका" म्हणेल का? इथे खरी मेख आहे. पैसे आगाऊ घेतलेले असतात आणि ते परत द्यायचे नसतात. पाहुण्यालाही पैसे बुडवायचे नसतात. म्हणून रेड अलर्ट असतानाही गाड्या घाट चढतात. "आज येऊ नका दादा, वर लई कोसळतोय," असं फोनवर सांगून पुढचा आठवडा देणारे घरगुती होमस्टेवाले आहेत, आणि ते स्वतःचं नुकसान सोसून तसं सांगतात. त्यांच्या चांगुलपणावर सगळी व्यवस्था उभी करणं बरोबर नाही. त्या भागाला रेड अलर्ट असेल त्या दिवसाचं आरक्षण विनाशुल्क पुढे ढकलता आलं पाहिजे, नाहीतर पैसे परत मिळाले पाहिजेत, असा नियम राज्याने करावा. सुरुवात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वतःच्या निवासांपासून करता येईल. या एका नियमाने जितके जीव वाचतील तितके शंभर फलकांनी वाचणार नाहीत.

पावसाळा संपला म्हणजे हवामानाची काळजी संपली, हाही तसाच एक समज. सप्टेंबर-ऑक्टोबर हा या मुलखाचा सगळ्यांत देखणा काळ, पण गुंतागुंतीचाही. कास पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला आणि तिथली गर्दी वाढतच गेली. फुलं ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतात, पण कुठलं फूल कधी, ते पावसाने उघडीप कधी दिली त्यावर ठरतं. निळी सीतेची आसवं आणि पिवळी सोनकी यांचे गालिचे नेमके आपल्याच रविवारी भेटतील याची खात्री कुणी देऊ नये. टोपली कारवीला तर सात-आठ वर्षांनी एकदाच बहर येतो. आसपासच्या गावांच्या वन समित्या कासचं व्यवस्थापन बघतात, रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते, आरक्षण आधी करावं लागतं. गावानेच दार सांभाळावं ही पद्धत तिथे रुजली आहे, आणि धबधब्यांच्या बाबतीतही तीच उपयोगी पडेल.

त्याच दिवसांत परतीचा पाऊस असतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीनला पूर्वेकडून काळे ढग, चारला विजा. मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, पण तोवर आणि त्यानंतरही काही दिवस दुपारनंतर उघड्या पठारावर किंवा किल्ल्याच्या माथ्यावर थांबू नये. सकाळी लवकर चढावं, जेवणाच्या वेळेला खाली यावं. ऑक्टोबरचा उकाडा सोसायचाच आहे तर तो दुपारी सावलीत बसून सोसावा.

थंडीबद्दल मात्र कोकण फसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर पहाटे गारवा, दिवसा सुखद ऊन, समुद्र शांत, पाणी स्वच्छ. तारकर्लीला पाण्याखालचं जग बघायचं तर हेच महिने. दापोली उंचावर असल्याने किनाऱ्यापेक्षा बरीच गार. आणि महाबळेश्वर! दर थंडीत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. त्या खऱ्या असतात, आणि त्याच पहाटे गावातल्या वेधशाळेत पारा सात-आठ अंशांवर असतो हेही खरं असतं. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते, जड गार हवा तलावाच्या खोलगट भागात साठते, आणि जमिनीलगत पारा शून्याला टेकतो. मग होड्यांच्या धक्क्याच्या फळ्यांवर, मोटारींच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. तो बघायचा तर सूर्य वर यायच्या आत तलावावर पोचावं लागतं. नऊला नाश्ता करून निघालेल्याला ओल्या फळ्या दिसतात.

या शांत महिन्यांतही समुद्र समुद्रच असतो. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. लाटा लहान दिसत असल्या तरी पाणी बाहेर ओढणारे प्रवाह असतात, आणि ओहोटीला ओढ वाढते. भरतीची वेळ काढायची रीत किनाऱ्यावर लहानथोरांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त वेगाने उतरतं. रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ खडूने लिहिलेली असावी. त्याला खर्च पाटीचा आणि खडूचा.

आता उन्हाळा. इथे सर्वांत मोठा गैरसमज मार्च महिन्याबद्दल आहे. उन्हाळा म्हणजे मे, मार्च तसा सौम्य, असं धरून सहली आखल्या जातात. प्रत्यक्षात मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. २०१७च्या मार्चअखेरीला रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याचा पारा ४६.५ अंशांवर गेला होता. हे भिरा ताम्हिणीच्या पायथ्याला आहे, देवकुंडला जाणारे याच गावावरून जातात. पावसाळ्यात जिथे ओढे माणसं वाहून नेतात, तिथे मार्चमध्ये विदर्भालाही मागे टाकणारी होरपळ.

कारण वाऱ्याचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून वाहतो आणि पठारावरची तापलेली कोरडी हवा घाट उतरून कोकणात येते. दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटले की गारवा येतो. ते अकराला सुटले तर दिवस बत्तीस-तेहेतिसावर निभावतो. दोनपर्यंत रखडले तर चाळिशी गाठतो. मेमध्ये हे वारे लवकर आणि जोराने सुटतात, म्हणून पारा उतरतो, पण हवेतली वाफ वाढते आणि घामाच्या धारा लागतात. तेहेतीस अंशातही जीव नकोसा होतो. म्हणून मार्चमध्ये भर दुपारी रायगड चढू नये, आणि मेमध्ये आजीआजोबांना दुपारच्या वेळी देवदर्शनाच्या रांगेत उभं करू नये. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच कोकणचा उन्हाळी दिवस. मधला वेळ ओटीवर आडवं व्हावं, आंबा खावा. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची, तीही सकाळी नाहीतर संध्याकाळीच, आणि पिल्लं कधी बाहेर येतील ते वाळूच्या उबेवर असतं. तिथल्या तारखा म्हणूनच दरवर्षी मागेपुढे होतात.

यात अलीकडच्या वर्षांत वादळांची भर पडली आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आदळलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या; पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्याआधी नोव्हेंबर २००९मध्ये फयान येऊन गेलं होतं. म्हणजे मेचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, सुट्ट्यांचे नेमके तेच दिवस, अरबी समुद्रातल्या वादळांचेही आहेत. घाबरून घरी बसावं असं नाही. तेवढ्या पंधरवड्यात निघण्याआधी तीन दिवस समुद्राची बातमी बघत राहावी, आणि प्रशासनाने किनारा रिकामा करा म्हटलं की यजमानाचा निरोप घ्यावा.

हे सगळं जमवणं राज्याला जड जाणार आहे का? याच मुलखातून जाणाऱ्या कोकण रेल्वेचं उदाहरण समोर आहे. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली, पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी, जूनमध्येच, करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. त्यानंतर रेल्वेने पावसाळ्यात गाड्या बंद नाही केल्या. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आणलं, वेग कमी केला, मार्गावर पर्जन्यमापक बसवले, मोठ्या पुलांवर पाण्याची पातळी आणि उंच पुलांवर वाऱ्याचा वेग मोजायला यंत्रं लावली, दरडप्रवण जागी रात्रंदिवस माणसं गस्तीला ठेवली. पाऊस ठरावीक मर्यादेबाहेर गेला की गाडी हळू होते किंवा थांबते, उतरला की पुन्हा निघते.

धबधब्यांसाठी नेमकं हेच करता येतं. ताम्हिणी, लोणावळा, माळशेज, आंबोली, भंडारदरा या गर्दीच्या जागांपासून सुरुवात करावी. माथ्यावर पर्जन्यमापक, त्याचा आकडा खाली नाक्यावरच्या फलकावर आणि गावातल्या प्रशिक्षित पोरांच्या फोनवर. आकडा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की शिट्टी, प्रवाह रिकामा, वाट बंद. दोन-तीन तासांनी पाणी ओसरलं की पुन्हा खुली. त्या पोरांना पर्यटन शुल्कातून हंगामभराचं मानधन द्यावं. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात "पुढील आदेशापर्यंत बंद" ऐवजी कुठल्या ठिकाणी किती मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे बंद, हा आकडा असावा. पुढची आगोट येण्याआधी, म्हणजे मे उजाडायच्या आत, हे आकडे ग्रामपंचायतींशी बसून ठरवायला हवेत. माथ्यावरचा पाऊस किती वेळात खालच्या डोहापर्यंत पोचतो, हे तिथल्या गुराख्यांना आणि वाटाड्यांना आज विचारलं तरी सांगता येईल.